दोन वर्षं कोण सोसणार?

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात दहावीचा निकाल लागला की पोराला 'पुढं काय?' असं सहसा कुणी विचारायचं नाही. विचारायचे, 'कुठं?' उत्तरंही तयार असायची. कोइमतूर. त्रिचूर. विजयवाडा. कानपूर. ज्याचा चुलता जिथं, ज्याचा मामा जिथं, तिथं ते पोरगं. भूगोलाच्या तासाला भिंतीवर भारताचा नकाशा लावला की तमिळनाडू कुठं आहे हे शिकवावं लागायचं नाही. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरचं कुणी ना कुणी तिकडं भट्टीपुढं बसलेलं असायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातले माण-खटाव, या पट्ट्यातली माणसं देशभर गलाईचा धंदा करतात. सोनारांकडचं मोडीचं सोनं, दागिने घडवताना उडालेली कीस, दुकानातला झाडून गोळा केलेला कचरासुद्धा गाळून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं, ते गलाईचं काम. या लोकांच्या गावी सोन्याची खाण वगैरे काही नाही. ज्वारीसुद्धा धड यायची नाही. कृष्णा उगम पावते त्या महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आमच्याकडं, पाचशेच्या आतबाहेर. नदी आमच्या शेजारून गेली, आमच्यात आली नाही.

तर अशा गावात मी तंद्रीखोर निघालो.

शेरडं घेऊन माळावर गेलो की शेरडं कुणाच्या तरी शाळूत आणि मी ढगात. चुलीतला कोळसा, गेरू, पिठाच्या गिरणीबाहेर पडलेला खडूचा तुकडा, जे हाती लागेल त्यानं मी भिंती रंगवायचो. आई सारवलेल्या भिंतीवरचा बैल पुसताना म्हणायची, "ह्याला शिंगं हायती, दावं न्हाई. असाच मोकळा सोडलाय, मालकावानीच." आण्णा बोलायचे नाहीत. त्यांनी कधी मारलंही नाही. फक्त संध्याकाळी कुणी पाव्हणा आला आणि मी कुठंतरी बघत बसलेला दिसलो की हळूच सांगायचे, "हे जरा खुळं हाय." त्यात राग नसायचा. पाव्हण्याचा गैरसमज होऊ नये एवढीच काळजी.

आमच्या हायस्कुलात चित्रकला आणि पीटी एकाच सरांकडं होती. त्यांनी मला एलिमेंटरीला बसवलं, मग इंटरमिजिएटला. त्यांच्याच बरोबर आमची सहल औंधला गेली. औंध म्हणजे खटाव तालुक्यातलं जुनं संस्थान. यमाईच्या डोंगरावर चढताना मध्येच श्री भवानी संग्रहालय लागतं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभं केलं. राजा स्वतः चित्रकार होता, कीर्तनकार होता, सूर्यनमस्काराचा प्रचार करत फिरायचा. तिथं रवी वर्मांची मूळ चित्रं आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पसुद्धा आहे. लंडनमधल्या माणसाचा दगड माण-खटावच्या माळावर कसा येऊन बसला, याचं मला आजही नवल वाटतं. त्या दिवशी मात्र मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. रवी वर्मांच्या एका चित्रातल्या बाईच्या साडीचा काठ मी अगदी नाक लावून बघितला. लांबून जरीचा दिसणारा काठ जवळून नुसते पिवळे-तपकिरी फटकारे होते. कुठंच जर नव्हती. चार पावलं मागं आलो, परत जर आली. पुढं गेलो, गेली. रखवालदारानं हटकेपर्यंत मी हाच उद्योग करत होतो.

राजानं चित्र काढलं तर त्याचं संग्रहालय होतं आणि आमच्यातल्या पोरानं काढलं तर ते रिकामटेकडं ठरतं, हे वाक्य मी तरुणपणी फार वेळा म्हटलं. म्हणायला बरं वाटायचं. आता त्यात तेवढी मजा वाटत नाही, कारण ते अर्धंच खरं आहे.

निकाल लागल्यावर सर घरी आले. आण्णांनी घोंगडं अंथरलं, आईनं चहा केला. सर म्हणाले, पोराचा हात चांगला आहे, सांगलीला किंवा कोल्हापूरला चित्रकलेच्या कॉलेजात घाला, पायाभूत एक वर्ष, मग पुढची दोन वर्षं, एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झाली तर शाळेत चिकटेल. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मास्तर घरी आला म्हणजे देव आला, अशा पिढीतले ते. मग त्यांनी एकच विचारलं.

"मास्तर, ही दोन-तीन वर्सं कोण सोसायची? आन् त्यातनं बी न्हाई जमलं तर?"

सर म्हणाले, "जमेल."

"खात्री द्या तुमी."

सरांनी बशीतला चहा संपवला. खात्री ते कुठून देणार? त्यांचाच पगार चार-चार महिने रखडायचा.

ही गोष्ट इथवर सांगितली की ऐकणाऱ्याला आण्णा खलनायक वाटू लागतात. म्हणून मागचं सांगतो. १९७२च्या दुष्काळात आण्णा आणि आई खडी फोडायला जात होते. मजुरीवर घर चाले, मिलोची तांबडी ज्वारी आणि सुकडी खायची. (रोजगार हमीची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. उपाशी माणसाला नुसता शिधा देऊ नका, काम द्या, हे आमच्या भागातल्या माणसाला सुचावं यात आश्चर्य नाही.) त्या दुष्काळानंतर तात्या, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, गावातल्या एकाचं बोट धरून कोइमतूरला गेले. पहिली काही वर्षं भट्टी फुंकली, पोती उचलली, तमिळ शिकले, मग एका गाळ्याचा कोपरा भाड्यानं घेतला. त्यांच्या मनिऑर्डरीवर आमची विहीर खणली गेली. तिला पाणी लागलं नाही तो भाग वेगळा. आत्याचं लग्न झालं ते तात्यांच्या पैशानं. आण्णांचं पोटाचं ऑपरेशन मिरजेला झालं तेही. तात्यांनी कधी हिशेब दाखवला नाही. एकदाच, मी नववीत असताना, उन्हाळ्यात गावी आले तेव्हा जेवताजेवता म्हणाले, "थोरला दहावी झाला की माझ्याकडं लावून द्या."

आता सांगा, आण्णांनी काय म्हणायचं होतं?

आमच्याकडं घरच्यांच्या अपेक्षा म्हणजे कुणाचा हट्ट नसतो. ती उसनवारी असते. सगळा धंदाच नात्यावर चालतो. अनोळखी पोराच्या हाती कुणी पन्नास तोळे सोनं देत नाही, म्हणून भाचा-पुतण्या लागतो. ज्याला कुणीतरी नेलं त्यानं पुढं कुणाला तरी न्यायचं. या साखळीनं आमच्या दुष्काळी तालुक्यांतली हजारो घरं तगली, त्यांच्या माड्या चढल्या, पोरीबाळी शिकल्या. आणि तीच साखळी पोराच्या पायात असते. तीतली एक कडी मोकळी केली तर मागची किती सुटतील हे आण्णांना दिसत होतं. मला फक्त काठावरची जर दिसत होती.

मिरजेला गाडीत बसलो, बंगळुरूला उतरून पुढची धरली.

भट्टीपाशी काय चालतं ते थोडं सांगतो, कारण इतकी वर्षं केल्यावरही मला ते काम कंटाळवाणं वाटलेलं नाही. मोडीच्या सोन्यात तांबं असतं, चांदी असते, डाग असतो. ते मुशीत टाकणखार घालून वितळवायचं आणि त्यात वरून आणखी चांदी घालायची, सोन्याच्या तिप्पटभर. नवीन माणसाला हे उलटं वाटतं. शुद्ध करायचंय आणि भेसळ वाढवतोय? पण चांदी कमी पडली तर अ‍ॅसिड आतपर्यंत शिरत नाही. रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, ते शोऱ्याच्या, म्हणजे नायट्रिक, अ‍ॅसिडात उकळायचे. लालसर तपकिरी वाफ उठते, ती घशाला अशी लागते की जेवण दोन दिवस बेचव. तांबं आणि चांदी विरघळून पाण्यात जातात. त्या निळसर-हिरव्या पाण्यात नंतर तांब्याचे पत्रे सोडले की चांदी करड्या गाळासारखी खाली बसते. आणि सोनं? ते भांड्याच्या तळाशी उरतं. शुद्ध झालेलं असतं, पण पिवळं नसतं. तपकिरीसारखा भुगा असतो. झाडून फेकून द्यावा असा. तो धुवायचा, परत मुशीत घालायचा, आणि वितळून गार होताना मग एकदम तो रंग येतो.

पहिल्यांदा तो भुगा बघितला तेव्हा मला औंधचा साडीचा काठ आठवला. तात्या ओरडले, "कुटं बगतोयस? भांडं धर!" तंद्री लागली तर शाळेत पट्टी बसायची, इथं अ‍ॅसिड सांडतं आणि त्याबरोबर दुसऱ्याचं सोनंही. महिना-दोन महिन्यांत माझी तंद्री सुटली. सुटली म्हणण्यापेक्षा दिवसा यायची बंद झाली. रात्री आम्ही सहाजण दुकानातच झोपायचो. मी बल्बखाली वहीत काहीतरी खरडायला लागलो की कोपऱ्यातून आवाज यायचा, "लाईट बंद कर की रं, पाटं उटायचंय." त्याचं बरोबर होतं. त्याला खरंच पहाटे उठायचं होतं.

त्या काळी धंद्याला बरकत होती. १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९०मध्ये रद्द झाला आणि लोक उघडपणे सोनं घेऊ-मोडू लागले. तात्यांनी शेजारचा गाळा घेतला. पुढं मी वेगळा झालो, माझं लग्न झालं, गावाकडं स्लॅबचं घर झालं. जे व्हायचं ठरलं होतं ते सगळं झालं.

आता मला जे म्हणायचंय ते.

माझ्यातला चित्रकार मारला गेला वगैरे मी म्हणत नाही. तसं म्हणणं स्वतःची आरती करणं आहे. आमच्या वर्गात विट्याच्या एका डॉक्टरांचा मुलगा होता, तो मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टला गेला. तो माझ्यापेक्षा बरा काढायचा. शिवाय त्याच्या वडिलांनी त्याला सोसलं. सध्या तो एका जाहिरात कंपनीत आहे, चित्रं काढत नाही. मीही गेलो असतो तर बहुतेक एखाद्या हायस्कुलात पीटी आणि चित्रकला शिकवत असतो आणि पगार रखडला म्हणून कुरकुरत असतो. पण हे 'बहुतेक' आहे. त्याला कळलं, मला कळलं नाही. आपण साधारणच आहोत हे स्वतः करून बघून समजायला पैसे लागतात, आणि ते पैसे आमच्या घरात नव्हते. श्रीमंताचं पोरगं स्वप्नात नापास होऊ शकतं. आमच्यातलं नापास व्हायला बसूच शकत नाही.

यावर मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण देतो, आणि ऐकणारे हमखास चुकीचा अर्थ काढतात. किर्लोस्करवाडी आमच्यापासून लांब नाही. औंधच्याच राजानं दिलेल्या जमिनीवर, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१०मध्ये ती वसली. शाळांत प्रमुख पाहुणे येतात आणि सांगतात, बघा, जिद्द असली की माळावर कारखाना उभा राहतो. ते सांगत नाहीत तो भाग असा. लक्ष्मणराव पोरवयात चित्रांच्या नादी होते. वडिलांची इच्छा नसताना १८८५मध्ये ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि थोरल्या भावानं, रामूअण्णांनी, त्यांना हात दिला. दोनेक वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरकच दिसत नाही. रंगांधळेपणा! चित्रकार व्हायचं संपलं. मग ते यंत्रांच्या आकृत्यांकडं वळले, मुंबईच्या व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले, पुढं सायकली, कडबाकापणी यंत्र, लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे, म्हणून पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं गेली असं सांगतात.

म्हणजे जिद्द होतीच, पण आधी दोन वर्षं चित्रात फुकट गेली, पुढं दोन वर्षं नांगरात. दोन्ही वेळा घर बुडालं नाही. मला या गोष्टीतले लक्ष्मणराव नाही, रामूअण्णा मोठे वाटतात. रंग दिसत नाहीत हे आमच्या गावातल्या पोराला कळलंच नसतं, कारण तो रंगांपर्यंत पोचलाच नसता. भट्टीपुढं बसून तो म्हातारपणी सांगत राहिला असता की मी मोठा चित्रकार झालो असतो.

शाळांतून 'स्वप्नं बघा' म्हणून भाषणं देत फिरणाऱ्यांनी म्हणूनच थोडं आईबापांशीही बोलावं. स्वप्नं बघायला पोरांना कुणी शिकवावं लागत नाही, माझा तरी तसा अनुभव आहे.

हे सगळं परत वर आलं ते गेल्या दसऱ्याला. दसऱ्याला आमची माणसं देशभरातून गावी येतात, विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते, ती कुणी चुकवत नाही. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी भावकीतला एक धाकटा भाऊ बारावी झालेल्या पोराला घेऊन आला. मला पोरानं वाकून नमस्कार केला आणि तो कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसला.

"दादा, ह्याला न्या तुमच्याकडं. हितं दिवसभर नुसतं बोटं फिरवतंय. बोलावलं तरी ध्यान नसतंय."

मी पोराचा मोबाईल मागितला. गेम असेल असं वाटलं होतं. खिलार बैल होते. बोटानं काढलेले. खरसुंडीच्या जत्रेतले असावेत, कारण एकाच्या शिंगांना शेंब्या होत्या आणि मागं गर्दीतले फेटे. एका बैलाचा मागचा पाय चुकला होता, गुडघा नको तिथं वाकला होता. पण बसलेला बैल उठताना जसं आधी मागचं धूड उचलतो, तो जडपणा बरोबर आला होता. तो शिकवून येत नाही. मी दोनदा बोटांनी चित्र मोठं करून बघितलं.

"चांगलंय," मी म्हटलं. "पाय बघ जरा."

"माहितेय," पोरगं म्हणालं. "दावणीत पाय दिसलाच नव्हता."

त्याच्या बापाला मी सांगितलं की धंदा पूर्वीचा राहिला नाही. आता यंत्राखाली दागिना धरला की टंच, म्हणजे सोन्याचा कस, कळतो, मोठ्या रिफायनऱ्या माल ओढून नेतात, २०२१पासून हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हापासून लहान सोनारच कमी झाले, मग आमच्याकडं येणार कोण? आणि गावाकडं टेंभू योजनेचं पाणी आलंय, तुझी द्राक्षं आहेत, डाळिंब आहे. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. सांगली-कोल्हापूरला आता संगणकावरच्या चित्रांचे, अ‍ॅनिमेशनचे कोर्स निघालेत. एक-दोन वर्षं बघू दे की त्याला.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "द्राक्षाचं कर्ज हाय, दादा. सोसायटीचं हाय, बँकेचं हाय. धाकटी पोरगी धावीला हाय. दोन वर्सं कोण सोसणार?"

वाक्य तेच, अक्षरशः तेच. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली आणि सर घरी आले तेव्हा हा भाऊ तर अगदीच लहान होता.

खरं उत्तर होतं, मी सोसतो. ते माझ्या जिभेवर आलं नाही असं नाही. माझी मुलगी इंजिनीअरिंगला आहे, तिची फी डोळ्यांपुढं आली. बायको आतून पडद्याआडून बघत होती, तीही दिसली. रामूअण्णांच्या बायकोला कुणी विचारलं होतं का, हा एक वेगळाच प्रश्न आहे. मी म्हटलं, "एक वर्षाचं मी बघतो. पण सुट्टीत पोरगं माझ्याकडं कामाला येईल, त्याचे पैसे त्याला मिळतील."

बापाला हे अर्धवट वाटलं. "अर्धं हिकडं, अर्धं तिकडं. कुटलंच व्हायचं न्हाई." त्याचंही खोटं नव्हतं.

पोरगं इतका वेळ ऐकतंय असं वाटत नव्हतं. ते मध्येच म्हणालं, "काका, पगार किती द्याल?"

मी आकडा सांगितला. त्यानं मनात काहीतरी गुणाकार केला. पुढं त्यानं सांगितलं त्यावरून कळलं की त्याला चित्र काढायचा टॅबलेट घ्यायचा होता आणि तो कितव्या महिन्यात जमेल याचा तो हिशेब होता.

"राहायला खोली, का दुकानातच?"

"दुकानातच. सगळे तिथंच झोपतात."

"मग रात्री लाईट चालू ठेवता येणार न्हाई."

"बघा!" त्याचा बाप म्हणाला. "यायचंच न्हाई त्याला."

"लाईटचं काय ते बघू," मी म्हटलं. "माळ्यावर वेगळं बटण बसवून घेतो."